आघाताला दिलेली वाट

१८८८ सालच्या मार्च महिन्यात लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्स या संस्थेच्या विद्यमाने लिव्हरपूलचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक ऑलिव्हर लॉज यांनी इमारतींवर बसवावयाच्या तडितरक्षकांविषयी दोन व्याख्याने दिली, आणि त्या निमित्ताने त्यांनी जे प्रयोग केले त्यांतील एक प्रयोग सर्किट बोर्ड आखणाऱ्या प्रत्येकाने आजही मनाशी बाळगावा अशा योग्यतेचा आहे. भारित लायडन पात्रातील वीज मोकळी होण्यासाठी त्यांनी तिच्यापुढे दोन वाटा ठेवल्या. एक वाट म्हणजे जाड तांब्याच्या तारेचा लांब फेरा, ज्याचा रोध एका ओहमच्या अल्पांशाएवढा; दुसरी वाट म्हणजे त्याच तारेच्या दोन टोकांमध्ये राखलेली हवेची फट, जिचा रोध नेहमीच्या हिशेबाने जवळजवळ अनंत. ओहमचा नियम शिकलेल्या कोणाही माणसाने वीज तांब्यातून जाईल असेच निःशंकपणे सांगितले असते. प्रत्यक्षात तांब्याची वाट मोकळी असताना ठिणगी हवेतून उडाली.

या विपरीत वाटणाऱ्या घटनेचे कारण लॉज यांनी तारेच्या प्रवर्तकतेत शोधले. वाहकातून प्रवाह सुरू झाला की त्याच्याभोवती चुंबकीय क्षेत्र उभे राहते, आणि ते उभे राहत असतानाच प्रवाहाच्या वाढीला अडविणारा दाब त्याच वाहकाच्या दोन टोकांत उत्पन्न होतो, ही गोष्ट फॅरडे आणि हेन्री यांच्या संशोधनातून १८३०च्या दशकातच उजेडात आली होती; परंतु हा दाब प्रवाह किती मोठा आहे यावर अवलंबून नसून तो किती त्वरेने बदलतो यावर अवलंबून असल्यामुळे, मंद प्रवाहाला जी तार सर्वस्वी मोकळी असते तीच तार एखाद्या क्षणिक आघाताला दुर्लंघ्य होऊ शकते, या सत्याचा व्यवहारातील अर्थ तोपर्यंत पुरता कोणाच्या गळी उतरला नव्हता. ब्रिटिश पोस्ट खात्यातील विद्युत्‌तज्ज्ञ विल्यम प्रीस यांचा तडितरक्षकांचा अनुभव मोठा होता, आणि चांगल्या रक्षकाची कसोटी त्याचा अल्प रोध हीच होय असे त्यांचे व त्यांच्यासारख्या अनेक व्यवहारी अभियंत्यांचे मत होते; त्याच वर्षीच्या सप्टेंबरात बाथ येथे भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात या दोन पक्षांचा जाहीर वाद झाला. लायडन पात्राचे विसर्जन आणि आकाशातील वीज यांत लॉज यांनी जी समानता गृहीत धरली होती ती पुढे पूर्णपणे टिकली नाही, कारण आकाशातील वीज त्यांच्या पात्रातील विजेइतकी चपळ नसते. परंतु चपळ प्रवाहाविषयीचा त्यांचा सिद्धांत अबाधित राहिला, आणि ज्या प्रश्नासाठी तो मांडला गेला त्याहून अधिक तंतोतंत तो आज अशा एका क्षेत्राला लागू पडतो की ज्याची त्यांना कल्पना असणेही शक्य नव्हते. मोबाइल फोन, वीजमीटर, मोटारीतील नियंत्रक, शेतावरील पंपाचा स्टार्टर, या सर्वांच्या पोटात असणाऱ्या सर्किट बोर्डावर तांब्याच्या वाटा आखण्याचे हे क्षेत्र होय.

प्रथम आघाताची ओळख करून घेणे इष्ट. कोरड्या हिवाळ्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठून दोन पावले चाललेल्या माणसाच्या अंगावर काही हजार व्होल्टचा भार सहज साचतो, आणि सुमारे ३,००० व्होल्टपर्यंतचे विसर्जन त्याच्या बोटाला जाणवतही नाही; म्हणजे यंत्राला मारक ठरणारा धक्का देऊन माणूस निष्पाप मनाने निघून जातो. आंतरराष्ट्रीय विद्युत्‌तंत्र आयोगाच्या ६१०००-४-२ या मानकात या आघाताचे ठरीव रूप सांगितले आहे: १५० पिकोफॅरडचे धारित्र इच्छित दाबापर्यंत भारावे आणि ३३० ओहमच्या रोधातून यंत्राच्या अंगावर मोकळे करावे. ८,००० व्होल्टच्या स्पर्शचाचणीत प्रवाह जेमतेम एका नॅनोसेकंदात ३० अँपिअरवर चढतो, तिसाव्या नॅनोसेकंदाला १६ अँपिअर आणि साठाव्याला ८ अँपिअर उरतो, व नंतर विरून जातो. या सबंध घटनेतील ऊर्जा पाच मिलिज्यूलसुद्धा भरत नाही. तेव्हा भय ऊर्जेचे नाही, त्वरेचे आहे. आणि एका नॅनोसेकंदात बोर्डावरील संदेश फार तर पंधरा सेंटिमीटर जातो हे ध्यानात घेतले, तर ज्या घटनेचा आपण बंदोबस्त करू पाहतो तिच्या दृष्टीने एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर हीसुद्धा एक मोठी बाब आहे, हे उघड होते.

आघात झेलणाऱ्याची अवस्था नाजूक असते. आयसीच्या आतील ट्रान्झिस्टरच्या द्वारावर सिलिकॉन डायऑक्साइडचा जो निरोधक पापुद्रा असतो तो जाडीच्या दर नॅनोमीटरमागे साधारण एक व्होल्ट एवढाच ताण सोसू शकतो, आणि जुन्या धाटणीच्या आयसीतही त्याची जाडी थोड्याच नॅनोमीटरांची असते. आयसी बनविणारे कारखाने तिच्या प्रत्येक पिनेपाशी लहानसे संरक्षण ठेवतात खरे, पण ते बोर्ड जोडणाऱ्या कामगारांच्या हाताळणीपुरते. त्या हाताळणीची जी कसोटी रूढ आहे तीत माणसाचे शरीर १०० पिकोफॅरड व १,५०० ओहम मानले जाते, आणि २,००० व्होल्टला आयसीतून जाणारा प्रवाह दीड अँपिअरही होत नाही. दीड अँपिअर झेलण्यासाठी ठेवलेल्या संरक्षणावर तीस अँपिअर सोडून निर्धास्त राहणे हा अविचार होय. तरीही 'आयसीतच संरक्षण आहे' असे तिच्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावरून वाचून बाहेरचा डायोड गाळलेला मसुदा आजही अनेकदा समोर येतो.

ज्या काळी रेडिओ दिव्यांवर चालत आणि त्यांतील तारा हाताने टोकास टोक जोडून डाख दिल्या जात, त्या काळी हा प्रश्न फारसा नव्हता, कारण निर्वात दिवा शेकडो व्होल्टचा क्षणिक ताण बिनतक्रार सोसतो. व्हिएन्नात जन्मलेले आणि १९३६ साली इंग्लंडला आलेले पॉल आयस्लर यांनी निरोधक पत्र्यावर चिकटविलेल्या तांब्याच्या पातळ पत्र्यातून नको तो भाग कोरून काढून वायरिंगच छापण्याची कल्पना पुढे आणली व १९४३ मध्ये तिच्या पेटंटचा अर्ज केला. तेव्हापासून जोडणी करणाऱ्याच्या हातातील वाटा रेखाटन करणाऱ्याच्या हाती गेल्या. त्यामुळे वाटेची लांबी, रुंदी, तिचे वळण आणि तिच्याखाली काय आहे, हे सारे एकदा ठरले की पुढे निघणाऱ्या लाखो बोर्डांवर तसेच्या तसे उतरते. चांगले उतरते तसेच वाईटही उतरते.

आता संरक्षणाची तजवीज पाहू. ज्या तारा बाहेरच्या जगाला उघड्या आहेत, उदाहरणार्थ यूएसबीच्या सॉकेटमधील संदेशवाहिन्या, त्यांच्या आणि ग्राउंडच्या मध्ये टीव्हीएस डायोड बसवितात. नेहमीच्या दाबाला तो स्वस्थ असतो. दाब ठरीव मर्यादेपलीकडे चढताच त्यातून धबधबा-विसर्जन सुरू होऊन तो प्रवाह ग्राउंडकडे उतरवितो आणि आपल्या दोन टोकांमधील दाब आवरून धरतो. यूएसबीसारख्या वेगवान वाहिन्यांवर त्याची धारिता अत्यल्प असावी लागते, एरव्ही संदेशच विरूप होतो. अतिवेगवान वाहिन्यांसाठी अर्ध्या पिकोफॅरडहून कमी धारितेचे डायोड मिळतात. निवडीचा मामला एवढ्यावर आटोपतो असे पुष्कळांना वाटते आणि डायोडाचे नाव यादीत चढले की संरक्षणाचे काम झाले असे मानले जाते. माझ्या मते खरा विषय येथून पुढे सुरू होतो.

धरणाच्या सांडव्याचा दाखला येथे घेण्याजोगा आहे. सांडवा कितीही प्रशस्त बांधला, तरी जलाशयातून त्याच्याकडे येणारी वाट अरुंद असेल किंवा त्याच्यापलीकडे नदीकडे उतरणारा चर तुंबत असेल, तर पुराचे पाणी मागे जलाशयात चढत जाऊन बांधावरून वाहते. सांडव्याच्या उंबऱ्यावरील पातळी ठीक आहे एवढे पाहून धरण सुरक्षित आहे असे म्हणता येत नाही. टीव्हीएस डायोडाच्या माहितीपत्रकात जो आवरदाब छापलेला असतो तो त्याच्या स्वतःच्या दोन टोकांमधला असतो. आयसीच्या पिनेवर काय चढते हे त्या डायोडाकडे जाणाऱ्या आणि त्याच्यापासून ग्राउंडकडे उतरणाऱ्या तांब्यावर अवलंबून असते, आणि ते तांबे कोणत्याही कारखान्याच्या माहितीपत्रकात नसते. ते आखणाऱ्याच्या पेन्सिलीतून येते.

प्रत्यक्ष हिशेब करून पाहावा. दोन थरांच्या नेहमीच्या १.६ मिलिमीटर जाडीच्या बोर्डावर अरुंद ट्रॅकची प्रवर्तकता दर मिलिमीटरला साधारण पाऊण नॅनोहेन्री धरता येते. समजा, सॉकेटपासून आयसीपर्यंत सरळ ट्रॅक नेला, आणि जागा नव्हती म्हणून टीव्हीएस डायोड बाजूला ठेवून त्याच्याकडे एक फांदी काढली, मग डायोडाचे दुसरे टोक आणखी थोड्या तांब्याने ग्राउंडला जोडले. फांदी आणि उतार मिळून तेरा मिलिमीटर झाले, म्हणजे सुमारे दहा नॅनोहेन्री. एका नॅनोसेकंदात तीस अँपिअर चढणाऱ्या प्रवाहाला ही दहा नॅनोहेन्री तीनशे व्होल्टचा दाब निर्माण करून अडवितात. डायोड आपल्या जागी पंधरावीस व्होल्ट इमानाने आवरून धरीत असतो, आणि त्याच क्षणी फांदी जेथून फुटली त्या बिंदूवर, म्हणजेच आयसीच्या पिनेवर, तीनशेहून अधिक व्होल्ट उभे असतात. डायोड निर्दोष, त्याची निवड निर्दोष, विद्युत्‌मंडलाचा आराखडा निर्दोष, आणि तरी आयसी मृत. कारण त्या आराखड्यावर फांदी ही शून्य लांबीची एक रेघ असते. लॉज यांच्या प्रयोगातील तांब्याच्या फेऱ्याने जे केले तेच या तेरा मिलिमीटरांनी केले.

उपाय असा की फांदी ठेवूच नये. सॉकेटकडून आलेला ट्रॅक प्रथम टीव्हीएस डायोडाच्या पॅडवर यावा, त्या पॅडच्या अंगावरूनच पुढे निघावा आणि मग आयसीकडे जावा, म्हणजे डायोडाला वळसा घालून जाण्याची सोयच आघाताला राहत नाही. डायोडाचे ग्राउंडकडील पॅड ग्राउंडच्या थराला लांब ट्रॅकने जोडू नये; पॅडच्या अगदी कडेला, शक्य तर दोन-तीन, व्हाया, म्हणजे आतून तांबे चढविलेली आरपार भोके, देऊन ते थेट खाली उतरवावे. १.६ मिलिमीटर बोर्डाच्या आरपार जाणाऱ्या एका व्हायाची प्रवर्तकता सुमारे एक नॅनोहेन्री असते, म्हणजे वरील आघाताला तीस व्होल्ट. दोन व्हाया शेजारी शेजारी दिल्या की ती जवळजवळ निम्म्यावर येते. याच कारणासाठी सॉकेट बोर्डाच्या ज्या बाजूवर आहे त्याच बाजूवर डायोड असावा. बोर्ड चार थरांचा करून ग्राउंडचा अखंड थर वरच्या ट्रॅकच्या खाली दोन-दशांश मिलिमीटरवर आणता आला, तर ट्रॅकची प्रवर्तकताही दर मिलिमीटरला ०.३ नॅनोहेन्रीच्या आसपास उतरते, आणि थरांचा वाढीव खर्च ज्यांना आरंभी जड वाटतो त्यांना पुढे चाचणीच्या वेळी त्याची किंमत कळते.

डायोडापासून आयसीपर्यंतच्या अंतराचा न्याय मात्र उलट आहे. तेथली लांबी उपकारक ठरते, कारण डायोडाने आवरूनही जो शेष दाब उरला असेल त्याला ती प्रवर्तकता अडविते, आणि तेवढ्यात आयसीच्या आतल्या लहान संरक्षणावर येणारा प्रवाह मर्यादेत राहतो. मंद वाहिनीवर या भागात एखादा लहान रोधक घातला तर काम अधिक निश्चितपणे होते. म्हणून डायोड सॉकेटला खेटून आणि आयसीपासून दूर ठेवावा. नवशिक्याची बुद्धी याच्या नेमकी विरुद्ध चालते: ज्याला राखावयाचे त्याच्याशेजारी राखणदार ठेवावा असे त्याला वाटते, आणि परिणामी तीस अँपिअरचा प्रवाह बोर्डाच्या मध्यापर्यंत आणून मग तेथे त्याला ग्राउंड दाखविला जातो.

तसे केल्याने होणारी हानी त्या एका ट्रॅकपुरती राहत नाही, ही बाब अधिक गंभीर आहे आणि तिच्याकडे दुर्लक्षही अधिक होते. तीस अँपिअर वाहणाऱ्या तारेपासून दोन सेंटिमीटरवर चुंबकीय क्षेत्र एका टेस्लाच्या तीन-दशसहस्रांशाएवढे असते. आकडा क्षुल्लक दिसतो. पण तेथे एक चौरस सेंटिमीटर क्षेत्राचे एखादे वेटोळे असेल, म्हणजे एखादा ट्रॅक एका वाटेने जाऊन त्याचा परतीचा प्रवाह दुसऱ्या वाटेने येत असेल, तर ते क्षेत्र एका नॅनोसेकंदात उभे राहिल्यामुळे त्या वेटोळ्यात तीस व्होल्ट प्रवर्तित होतात. त्या वेटोळ्याचा आघाताशी कोणताही प्रत्यक्ष संबंध नसतो. ते प्रोसेसरच्या रीसेट पिनेचे असू शकते, आणि मग यंत्र न मरता मध्येच नव्याने सुरू होते, चालू काम विसरते, आणि दुरुस्तीला आणले की सर्व काही ठीक दिसते. म्हणून सॉकेट व डायोड यांच्यामधील, अद्याप आघात न उतरलेला, जो तांब्याचा तुकडा असेल त्याच्या समांतर किंवा शेजारून दुसरा कोणताही ट्रॅक नेऊ नये. आणि आघात उतरल्यानंतरचा 'स्वच्छ' ट्रॅक फिरवून पुन्हा त्याच तुकड्याजवळ आणणे हे तर आपण केलेला बंदोबस्त स्वतःच मोडून टाकणे होय. रीसेटच्या पिनेला शंभर नॅनोफॅरडचे धारित्र पिनेजवळच द्यावे. ट्रॅकच्या काटकोनी वळणांविषयी बरेच लिहिले जाते. त्या भागात काटकोन टाळलेला बरा, पण फांदी आणि वेटोळे यांच्या तुलनेत मी त्याला दुय्यम स्थान देतो.

वेटोळी लहान ठेवण्याचा राजमार्ग म्हणजे ग्राउंडचा अखंड थर. ट्रॅकमधून जाणाऱ्या चपळ प्रवाहाचा परतीचा प्रवाह त्या थरातून नेमका ट्रॅकच्या खालून, कमीतकमी प्रवर्तकतेच्या वाटेने, येतो. थराला मध्ये चीर पाडली की त्याला चिरेला वळसा घालावा लागतो, आणि जेथे वळसा तेथे वेटोळे. एके काळी निरनिराळ्या कामांसाठी ग्राउंडचे थर चिरून वेगळे करण्याची आणि ते एका बिंदूत जोडण्याची पद्धत प्रतिष्ठित होती. बेल प्रयोगशाळेत काम केलेले अमेरिकन अभियंते हेन्री ऑट यांनी थर अखंड ठेवून घटकांचीच इलाखावार विभागणी करावी, असा पुरस्कार आपल्या लेखनातून केला, आणि आघातांच्या दृष्टीने तरी तोच पक्ष मला निर्विवाद वाटतो. यंत्राची पेटी धातूची असेल तर सॉकेटचे धातूचे कवच पेटीला सर्व बाजूंनी आणि थेट जोडावे, म्हणजे आघाताचा मोठा भाग बोर्डाला न शिवताच बाहेरून निघून जातो. कवचापासून लांब शेपटी काढून ती एका स्क्रूला बांधणे म्हणजे पुन्हा तीच दहा-वीस नॅनोहेन्री आणणे. पेटी प्लॅस्टिकची असेल, जशी ती स्वस्त यंत्रांत बहुधा असते, तर आघाताचा प्रवाह एका सॉकेटमधून बोर्डाच्या ग्राउंडमध्ये शिरतो आणि दुसऱ्या एखाद्या केबलवाटे बाहेर पडण्याची वाट शोधतो. अशा यंत्रात एक सॉकेट डाव्या टोकाला आणि दुसरा उजव्या टोकाला ठेवला, तर तो प्रवाह प्रोसेसरच्या खालून सबंध बोर्ड ओलांडतो. सर्व सॉकेट एका कडेला शेजारी शेजारी ठेवले तर तो त्या कडेनेच येतो आणि जातो. यासाठी एक पैसाही अधिक लागत नाही, मात्र पेटीचा आकार ठरविणाऱ्यांशी वेळीच मसलत व्हावी लागते.

बोटाच्या स्पर्शाहून निराळ्या जातीचा एक आघात आपल्या खेड्यांत रोजच्या रोज घडत असतो. विहिरीवरील पंप मोबाइलवरून चालू-बंद करणारे स्टार्टर आज महाराष्ट्रात सर्वत्र दिसतात, कारण रात्री-अपरात्री वीज आली की शेतकऱ्याला उठून शिवारात जावे लागू नये ही त्यामागील खरी गरज आहे. या स्टार्टरच्या पेटीत मोबाइलचा नाजूक बोर्ड आणि तीन फेजचा दणकट काँटॅक्टर हातभर अंतरातच राहतात. काँटॅक्टरच्या वेटोळ्याचा प्रवाह तोडला जातो तेव्हा ते वेटोळे प्रवाह चालू ठेवण्यासाठी दाब वाढवीत नेते, उघडणाऱ्या स्पर्शकांमध्ये ठिणगी पडते, विझते, पुन्हा पडते, आणि अशा पुनःपुन्हा पडणाऱ्या ठिणग्यांतून चपळ स्पंदांची एक सरच तारांवर उतरते. ६१०००-४-४ या मानकात तिचे जे रूप निश्चित केले आहे त्यात प्रत्येक स्पंद पाच नॅनोसेकंदांत चढतो आणि पन्नास नॅनोसेकंद टिकतो. सेकंदाला पाच हजार या वेगाने पंधरा मिलिसेकंद, म्हणजे पंचाहत्तर स्पंद, सोडतात आणि दर तीनशे मिलिसेकंदांनी तीच सर पुन्हा सोडतात. या आघाताने घटक क्वचितच जळतात. प्रोसेसर भांबावतो, संदेश अर्धवट राहतो, पंप चालू झाल्याचा निरोप जातो आणि पंप बंद असतो. ज्याचे पाणी त्या निरोपावर अवलंबून आहे त्याच्या दृष्टीने ही बिघाडाची सर्वांत वाईट तऱ्हा होय.

येथे पहिली दक्षता म्हणजे आघात उगमापाशीच शमविणे. रोधक व धारित्र यांची जोडी वेटोळ्याच्या अंगावरच बसवावी. ती बोर्डावर बसवून मध्ये फूटभर तार सोडली तर ती तारच स्पंद प्रसृत करते. दुसरी दक्षता ऑप्टोकपलरविषयी आहे. बाहेरील बाजू आणि प्रोसेसरची बाजू यांत विद्युत्‌संबंधच राहू नये म्हणून प्रकाशाच्या मार्गे संदेश नेणारा हा घटक बसविला जातो, आणि त्याच्या दोन बाजूंमधील धारिता पिकोफॅरडच्या आसपासच असते. परंतु मोकळी जागा दिसली की तांब्याने भरून टाकण्याच्या सवयीने एका बाजूचा तांब्याचा थर वरून आणि दुसऱ्या बाजूचा खालून एकमेकांवर आला, तर बोर्डच धारित्र बनतो. चार चौरस सेंटिमीटर तांबे १.६ मिलिमीटर बोर्डाच्या दोन अंगांना समोरासमोर आले की जवळजवळ दहा पिकोफॅरड होतात. २,००० व्होल्टचा स्पंद पाच नॅनोसेकंदांत चढला की त्यांतून चार अँपिअर प्रवाह निरोधकाच्या हद्दीपलीकडे सरळ निघून जातो. ऑप्टोकपलरवर खर्च केलेला पैसा अशा रीतीने तांब्याच्या दोन चौकोनांनी फुकट घालविलेला असतो. हद्दीवरील पट्टा सर्व थरांत तांब्यावाचून मोकळा ठेवावा, आणि त्या रेषेवर ऑप्टोकपलरखेरीज काहीही नसावे.

वळवाच्या दिवसांत विदर्भ-मराठवाड्यात विजा पडतात तेव्हा उघड्यावरून गेलेल्या तारांवर जो आघात येतो तो मायक्रोसेकंदांच्या मापाचा असतो. त्याच्या चाचणीत (६१०००-४-५) प्रवाह आठ मायक्रोसेकंदांत चढतो आणि विसाव्या मायक्रोसेकंदाला निम्म्यावर येतो. दोन ओहमच्या उगमातून २,००० व्होल्टला तो हजार अँपिअर होऊ शकतो. आता प्रवर्तकतेचा हिशेब पालटतो. आठ मायक्रोसेकंदांत हजार अँपिअर, म्हणजे मायक्रोसेकंदाला सव्वाशे. त्याला बोर्डावरची दहा नॅनोहेन्री सव्वा व्होल्टानेच अडवितात, तर पेटीपासून जमिनीतील अर्थिंगपर्यंतची मीटरभर तार, जिची प्रवर्तकता मायक्रोहेन्रीच्या आसपास असते, सव्वाशे व्होल्टने. म्हणून या आघाताच्या बाबतीत बोर्डावरील फांदीपेक्षा पेटीबाहेरील अर्थिंगच्या तारेची लांबी अधिक महत्त्वाची. बोर्डावर पाहावयाचे ते वेगळेच: हजार अँपिअर वाहणारे तांबे वितळून उडू नये एवढी त्याची रुंदी आहे काय, ते व्हायांच्या गळ्यातून तर जात नाही ना, आणि फेजचे तांबे व ग्राउंडचे तांबे यांतील अंतर ठिणगी ओलांडू शकणार नाही एवढे आहे काय. कोरडी हवा मिलिमीटरला सुमारे ३,००० व्होल्ट सोसते असे पुस्तकात असते. पण टोकदार पॅड, पावसाळ्यातील दमट धूळ आणि पेटीत शिरलेल्या मुंग्या-पाली त्या आकड्याला मान देत नाहीत, म्हणून तांब्यांच्या मध्ये बोर्डाला आरपार खाच पाडून पृष्ठभागावरची वाट लांबविणे शहाणपणाचे.

या प्रवाहाला टीव्हीएस डायोड एकटा पुरत नाही. वीजपुरवठ्याच्या तारांवर झिंक ऑक्साइडचा व्हेरिस्टर वापरतात. जपानमधील मात्सुशिता कंपनीत मिचिओ मात्सुओका व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस तो सिद्ध केला. संदेशाच्या लांब तारांवर वायुनलिका, नंतर एक रोधक, आणि मग टीव्हीएस डायोड असा क्रम ठेवतात. वायुनलिका प्रचंड प्रवाह वाहते, पण काहीशे व्होल्ट चढल्यावाचून आणि थोडा अवधी गेल्यावाचून ती जागी होत नाही. डायोड तत्काळ जागा होतो आणि दाब खाली ओढतो, त्यामुळे दोघांच्या मध्ये काही नसेल तर नलिकेला पेटण्याइतका दाब कधी मिळतच नाही आणि सबंध भार दुबळ्या डायोडावर पडून तो प्राणास मुकतो. मधला दहा ओहमचा रोधक याच कारणासाठी असतो: डायोडातून वीस-तीस अँपिअर वाहू लागले की रोधकावर काहीशे व्होल्ट पडतात आणि नलिका पेटते. नलिका सॉकेटकडे व डायोड आतल्या बाजूला, हा क्रम बोर्डावर चुकून उलटा लागला तर तीनही घटक असूनसुद्धा संरक्षण नाही. व्हेरिस्टर प्रत्येक आघातागणिक थोडा थोडा झिजतो व अखेर तापतो. त्याच्या आधी फ्यूज असावा आणि त्याच्याभोवती जळणारे काही नसावे.

मोटारींतील एक आघात याहूनही संथ आहे आणि तो या सर्वांपासून वेगळा काढावा लागतो. अल्टरनेटर बॅटरी भारीत असताना बॅटरीची जोडणी निसटली, तर अल्टरनेटरचा प्रवाह एकदम कमी करता येत नाही आणि बारा व्होल्टच्या तारांवरचा दाब चढत जातो. १६७५०-२ या आंतरराष्ट्रीय मानकातील चाचणीत, मध्यवर्ती आवर नसलेल्या प्रणालीसाठी, तो ७९ ते १०१ व्होल्टपर्यंत नेतात आणि ४० ते ४०० मिलिसेकंद टिकवितात. पुण्यात वेताळ टेकडीवरच्या एआरएआय संस्थेत मोटारींच्या घटकांच्या ज्या विद्युत्‌चाचण्या होतात त्यांत अशा आघातांनाही स्थान आहे, आणि चाकण-भोसरीच्या परिसरात मोटारींसाठी बोर्ड आखणाऱ्या मंडळींना हा आघात नावानिशी परिचित आहे. येथे प्रवर्तकता बहुतेक निःशेष होते. डायोडाने ३५ व्होल्टला दाब आवरला आणि दशांश सेकंद सरासरी दहा अँपिअर वाहिले, तर त्यात ३५ ज्यूल ऊर्जा जिरते. बोटाच्या स्पर्शातील पाच मिलिज्यूलच्या ही सात हजार पट झाली. प्रश्न आता उष्णतेचा.

अशा वेळी डायोडाच्या पॅडभोवती तांब्याचा मोठा पट्टा ओतून मोकळे होण्याची रीत आहे, आणि ती अर्धीच बरोबर आहे. तांबे उष्णतेचे उत्तम वाहक असूनही दशांश सेकंदात उष्णता त्यातून काही मिलिमीटरच पसरते. पॅडपासून तीन सेंटिमीटरवर असलेल्या तांब्याला आघात चालू असेतो त्याची वार्ताही पोचत नाही. आघाताच्या कालावधीत उपयोगी पडते ते पॅडला लागूनच असलेले जाड तांबे आणि त्याखालील व्हायांचा दाट समूह. दूरवर पसरलेल्या तांब्याचे काम नंतर सुरू होते, कारण चाचणीत तोच आघात मिनिटा-मिनिटाच्या अंतराने पुन्हा पुन्हा देतात, आणि मधल्या मिनिटात मागची उष्णता बोर्डभर पसरून हवेत गेली नाही तर पुढच्या आघाताला डायोड आधीच तापलेला सापडतो. इलेक्ट्रोलायटिक धारित्रे, ज्यांचे आयुष्य उष्णतेने झपाट्याने घटते, त्या पसरलेल्या तांब्याच्या टोकाला नसावीत. ती पेटीच्या थंड बाजूला, वेगळ्या पट्ट्यावर ठेवावीत, आणि डायोडापासून त्यांच्याकडे जाणारे तांबे प्रवाहाला पुरेल एवढेच रुंद असावे.